साडेचार घोड्यांचे सुभेदार

पहिल्याच भेटीत सुभेदारांनी मला विहिरीच्या मोटारीच्या माझ्याच जाहिरातीतले घोडे मोजून दाखवले.

"सात हायत," ते म्हणाले. वर्तमानपत्राचा कागद त्यांनी टेबलावर पसरला होता आणि एकेका घोड्याच्या नाकावर बोट ठेवत होते. "वर लिवलंय दहा. तीन कुटं गेलं?"

मी म्हटलं, "चित्रकाराला जागा पुरली नाही. बाकीचे तीन मागे आहेत असं समजायचं."

"मागं?" त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे बियाण्यांची जाहिरात होती. "न्हाईत," ते म्हणाले आणि कागदाची नीट घडी घालून निघून गेले. दारात थांबून मात्र त्यांनी विचारलं, "ह्ये लिवतं कोन? तू? म्हंजे तू शायर हायस."

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी शायर झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

आमचा कारखाना सांगलीबाहेर मिरजेच्या रस्त्याला होता. विहिरीवर बसवायच्या विजेच्या मोटारी तिथं तयार होत. मी विक्रीखात्यात जाहिराती आणि माहितीपत्रकं लिहायचो. सुभेदार तपासणीच्या बाकावर होते. ते मूळचे माण तालुक्यातले. पलटणीच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवून नायब सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बायकोपोरं गावी, आणि हे सांगलीत एका खोलीत. उंच, वाळकी अंगकाठी, कानावर जांभळी कॉपिंग पेन्सिल. लिहिण्याआधी ती जिभेवर ओली करायची सवय, त्यामुळे जीभ कायम जांभळी. नवीन माणसाला वाटे यांना काहीतरी आजार आहे. कारखान्यातल्या लोकांना वाटे, आजार आहेच, पण तो जिभेचा नव्हे, तिच्यावरून जे बाहेर पडतं त्याचा.

त्यांच्या जिभेवरून एकच प्रश्न सारखा बाहेर पडे. "किती येळ?"

कँटीनवाला म्हणाला, भजी गरम आहेत. "किती येळ?" कामगारांच्या निवडणुकीत उभा राहिलेला एकजण जेवणाच्या सुट्टीत भाषण करत होता. म्हणाला, मी तुमच्यासाठी रक्ताचं पाणी करीन. मागून आवाज आला, "किती येळ?" सगळे हसले आणि बिचारा निवडणूक हरला. आमच्या हेडक्लार्कनी मुलीचं लग्न ठरवलं आणि पेढे वाटताना म्हणाले, "जावई स्वभावानं अगदी शांत हो." सुभेदारांनी पेढा तोंडात टाकला आणि मन लावून विचारलं, "किती येळ?" हेडक्लार्क महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढं वर्षभरानं मुलगी माहेरी परत आली, तेव्हा हेच हेडक्लार्क एका दुपारी तपासणीच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. सुभेदारांनी त्यांना काही विचारलं नाही. स्टूल तेवढं पुढं सरकवलं.

हा प्रश्न खोचकपणाचा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. त्यांचं म्हणणं असं की कुठलीही मोटार क्षणभर वाट्टेल तेवढी ताकद दाखवते. ती तासभर काय देते, तेवढीच तिची. म्हणून ते प्रत्येक मोटार तासभर चालवत. मोटारीच्या दांड्यावर लोखंडी ड्रम बसवायचा, ड्रमवर दोर गुंडाळायचा, दोराच्या एका टोकाला वजनं टांगायची आणि दुसरं टोक ताणकाट्याला अडकवायचं. ड्रम फिरू लागला की दोर तापायचा, म्हणून वरून पाणी ओतत राहायचं. तास संपला की मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायचा. हात ठेववला तर मोटार पास. मग जांभळ्या पेन्सिलीनं कार्डावर आकडा, आणि खाली सही. सही मोठी ठसठशीत होती, शेवटच्या 'र'ला आखूड शेपटी.

माणसांनाही ते हाच नियम लावत आणि त्यातून स्वतःला सोडत नसत. "कसं काय, सुभेदार?" असं कुणी सहज विचारलं तर खरंखुरं उत्तर मिळे. "सकाळी बरा हुतो. जेवल्यावर जरा कमी झालोय."

एकदा त्यांच्या पत्नी गावाहून आल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, घरीही असंच का?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "आवं, मला बगाय आल्यावर माझं वडील म्हनलं, पोरगी कोसावरनं दोन घागरी आनती. तर ह्येंनी इचारलं, भरल्याल्या का रिकाम्या? सगळी बैठक गप. मी आतनंच म्हनलं, भरल्याल्या. मंग म्हनलं, ठरवा." सुभेदार शेजारी उभे राहून ऐकत होते. त्यांनी एकच दुरुस्ती केली. "कोस न्हवता. पाऊन कोस."

या माणसाला आकड्यांचं हे वेड कशामुळे लागलं असावं, यावर कारखान्यात बऱ्याच कथा होत्या. लढाईत जनरेटर बंद पडला आणि कुणी जिवाभावाचा दगावला, ही सगळ्यांत लोकप्रिय. मी स्वतः तिच्यात थोडी भर घातली होती. एकदा धीर करून मी त्यांनाच विचारलं. "काय न्हाई झालं, गड्या. आकडा चुकीचा असंल तर चुकीचा असतुया. त्येला कुनी मराय कशाला पायजे?"

आता त्या गाडीचं सांगतो.

पेट्रोल एकाएकी भडकलं ते वर्ष. ज्यांच्याकडे मोटारगाड्या होत्या ते सायकली पुसायला लागले. आमचे मालक उत्साही गृहस्थ. उत्साह म्हणजे किती, तर जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. त्यांनी ठरवलं की आपण विजेवर चालणारी मोटारगाडी काढायची. मोटारी तर आपण करतोच. आठ बॅटऱ्या सीटखाली, पत्र्याची बॉडी, चार माणसांची जागा. वर्षभरात गाडी तयार झाली. पावाच्या पेटीला चाकं लावावीत तशी दिसायची, पण चालायची. अंगणातून ती पहिल्यांदा आवाज न करता निघाली तेव्हा मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनीही वाजवल्या, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं सगळे म्हणत की त्यांना गाडी बघवत नव्हती. त्यांना गाडी फार आवडली होती. आकडा आवडला नव्हता.

आकडा मालकांनी सांगितला आणि मी लिहिला. 'दहा घोडे, एक थेंबही पेट्रोल नाही!'

सुभेदारांच्या कार्डावर मात्र साडेचार होते.

मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथंच होतो.

"सुभेदार, ही मोटर दहा हॉर्सपॉवर देते की नाही देत?"

"देतीया."

"मग झालं तर!"

"किती येळ?"

मालकांनी छताकडे पाहिलं. "अर्धा मिनिट देते. गाडी उचलताना तेवढीच लागते."

"मंग तसं लिवा. अर्ध्या मिंटापुरती दहा, फुडं साडेचार."

"अहो, अशी कुठं जाहिरात असते का? सगळेच जोराचा आकडा सांगतात."

"सांगू द्या की. त्येंच्या कार्डावर माजी सही न्हाई."

मालक माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा यांना. तुम्ही शिकलेले आहात."

मी शिकलेला होतो म्हणून म्हणालो, "सुभेदार, हा भाषेचा प्रश्न आहे. लोक दहाचा अर्थ शब्दशः दहा घेत नाहीत. भरपूर, एवढाच घेतात."

"व्हय का?" ते म्हणाले. "मंग भरपूर लिव."

जाहिरात 'दहा' या आकड्यानिशीच छापून आली. कार्ड साडेचाराचंच राहिलं. दोन्ही एकाच कारखान्यात, वेगवेगळ्या कपाटांत, गुण्यागोविंदानं नांदत होती. त्या गाड्या एकूण सहा झाल्या. पाच गाड्या सांगली-मिरजेच्या सपाटीवर फिरत राहिल्या आणि कुणाची काही तक्रार आली नाही. सहावी वाईला गेली.

वाईच्या डॉक्टरीणबाई आसपासच्या गावांत बाळंतपणं करायच्या. जाहिरात वाचून त्यांनी गाडी घेतली होती. तीन आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं. अक्षर छान होतं, मजकूर तेवढा नव्हता. त्यांनी लिहिलं होतं : 'पसरणीच्या घाटात चौथ्या वळणावर आपली गाडी जळका वास सोडून बंद पडली. आपले दहा घोडे त्याआधीच कुठंतरी उतरून गेले असावेत. वर एक बाई अडली होती. मी दुधाच्या गाडीत कॅनवर बसून पोहोचले. बाई आणि बाळ सुखरूप आहेत, यात आपल्या कारखान्याचा काही वाटा नाही. या मोटारीची तपासणी कुणी केली आणि किती भरली, त्याचं कार्ड पाठवावं.'

मालकांचा चेहरा उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. बाई सुखरूप आहे हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पण मग भीती वरचढ झाली. ते सुभेदारांकडे गेले आणि नवीन कोरं कार्ड पुढं केलं. सुभेदारांनी ते उलटसुलट करून पाहिलं, त्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "जुनं कार्ड धाडा की. खरं हाय त्ये."

त्यावर मालक माझ्या टेबलाशी आले.

"तपासनीस म्हणून कुणाचीही सही चालते," ते हळूच म्हणाले. "तुम्ही आमचेच. बाई बघणार आणि ठेवून देणार."

मी सही केली. तिथं दहा लिहिलं, आणि खाली माझं नाव. हात थरथरला वगैरे काही नाही. वर्षभर मी तोच आकडा लिहीत आलो होतो. एकदा आणखी लिहिला, एवढंच मला तेव्हा वाटलं.

आठवड्यात दुसरं पत्र आलं. 'कार्ड मिळालं. सही करणाऱ्या गृहस्थांना घेऊन या. मोटर दुरुस्त करून बसवा आणि मला घाट चढवून दाखवा. नाहीतर मी हे कार्ड वर्तमानपत्राकडे पाठवीन, जिथं तुमची जाहिरात येते.'

आम्ही तिघं एस.टी.नं वाईला गेलो. मालक, मी आणि सुभेदार. जळालेली मोटार सुभेदारांनी स्वतः नवी तार घालून पुन्हा गुंडाळली होती. ती गोणपाटात बांधून त्यांनी पायाशी ठेवली होती आणि बसच्या प्रत्येक खड्ड्याला ते तिच्यावर हात ठेवत. माझ्या सहीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला. मी अर्धा ग्लास तसाच ठेवून दिला.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. दुपारी मोटार बसवून झाली. मालक म्हणाले, "चालवणार मी." बाई पुढं त्यांच्या शेजारी बसल्या, आम्ही दोघं मागं. गाडीच्या पायदाब्याला, म्हणजे वेगाच्या पेडलला, तीन टप्पे होते. मालकांचा पाय जो तिसऱ्या टप्प्यावर गेला तो तिथंच राहिला. गाडी सुसाट. एक बैलगाडी मागं टाकली, एक एस.टी. मागं टाकली. एस.टी.तले लोक खिडक्यांतून बघायला लागले. मालकांनी त्यांना हात केला. "बघा बाई, दहा घोडे!"

सुभेदारांनी पुढं वाकून विजेच्या काट्याकडे पाहिलं. मग हवा हुंगली. "मालक, थांबा."

"अहो, आत्ताशी दुसरं वळण!"

"थांबा म्हनतुया. पुन्यांदा गुंडाळायची ताकद न्हाई माज्यात."

गाडी कडेला थांबली. मघाची एस.टी. आमच्या शेजारून पुढं गेली आणि तेच लोक त्याच खिडक्यांतून पुन्हा बघत गेले. सुभेदारांनी मोटारीवर पाणी शिंपडलं नाही. ओली फडकी धरून नुसते बसून राहिले. अर्ध्या तासानं तळहात लावून बघितला आणि उठले.

"आता मी चालवतो. डाक्टरीनबाई, तुमी बसा. तुमी दोगं उतरा."

"आम्ही?" मालक म्हणाले. "गाडी चौघांची आहे, सुभेदार!"

"गाडी दहाची बी हाय. आज साडेचारात चडवायचीया. उतरा."

आम्ही उतरलो. गाडी निघाली. काय तो वेग! पायदाबा कधी पहिल्या टप्प्यावर तर कधी दुसऱ्या. तिसऱ्याला त्यांनी पायच लावला नाही. शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी बराच वेळ गाडीच्या बरोबरीनं चालत होती आणि बाईंशी काहीतरी बोलतही होती. मालक आणि मी दोन वळणं चाललो. मग मालकांना धाप लागली, म्हणून विटांच्या एका ट्रकला हात केला. पुढच्या वळणावर आमच्या ट्रकनं आमच्याच गाडीला मागं टाकलं. मालक हौद्यात विटांच्या आड खाली वाकले. ते का वाकले ते मला कळलं, म्हणून मीही वाकलो.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीसमोर आम्ही वाट बघत उभे राहिलो. मालक सारखे घड्याळ बघत होते. आणि मग ती पावाची पेटी शेवटच्या वळणावरून वर आली. ना वास, ना धूर. सुभेदार ताठ बसले होते, संचलनात बसावं तसे. त्यांनी गाडी सावलीत लावली, खाली उतरून मोटारीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ ठेवला.

मालक धावत पुढं झाले. "चढली! बाई, चढली की नाही?"

"चढली," बाई म्हणाल्या. "साडेचारावर चढली. वाटेत मला यांनी सगळं सांगितलं, तिसरा टप्पा घाटात वापरायचा नाही ते. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मला दुधाच्या कॅनवर बसावं लागलं नसतं." त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. "आता एवढंच सांगा. ही सही कुणाची?"

मालक टपरीकडे बघायला लागले. सुभेदारांनी वळून कार्डाकडे पाहिलं.

"माझी," मी म्हणालो.

"मोटर तुम्ही तपासली होती?"

"नाही."

"मग तुम्ही करता काय?"

"जाहिराती लिहितो."

सुभेदारांनी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं आणि परत दिलं. मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते टपरीवाल्याला म्हणाले, "चार च्या दे."

बाईंनी गाडी ठेवून घेतली. अट एकच. मोटारीवरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा आकडा बदलायचा. सुभेदारांनी तिथंच, दगडावर बसून, छिन्नीनं दहाचा आकडा खरवडून काढला आणि साडेचार ठोकून दिले. मालक बघत राहिले. मला वाटतं, त्या वेळी त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. निदान चहा तरी त्यांनी दोनदा घेतला.

सोमवारी सुभेदारांनी मला बाकावर बोलावलं. "सई केलीस न्हवं? मंग आता शीक." सलग पंधरा दिवस, रोज जेवणानंतर एक तास, त्यांनी माझ्याकडून दोर गुंडाळून घेतला, पाणी ओतून घेतलं, काटा वाचून घेतला. पहिल्याच दिवशी माझा तळहात पोळला. त्यांनी बघितला. "ब्येस. आता आकडा म्हंजे काय त्ये तुला थोडं कळलं." माझ्या सहीबद्दल ते बोलले ते एवढंच.

इथंच हे संपलं असतं तर मी थोडा सुधारलेला माणूस म्हणून ही गोष्ट सांगू शकलो असतो.

डॉक्टरीणबाई जिथं जातील तिथं हा किस्सा सांगत. तिकडची गावं ती, लोकांना ऐकायला वेळ होता. हळूहळू कारखान्यात पत्रं यायला लागली. 'विहिरीसाठी पाच हॉर्सपॉवरची मोटर पाहिजे, पण त्या सुभेदारांनी तपासलेलीच.' मालकांनी ती पत्रं माझ्यापुढं पसरली. डोळे चमकत होते. गाडी तोवर बंद करून टाकली होती. बॅटऱ्या वर्षादीड वर्षात मान टाकत होत्या, आणि लोकांना महाग पेट्रोलची सवयही झाली होती. पण हे नवीन काहीतरी होतं.

"लोकांना खरा आकडा हवाय," मालक म्हणाले. जणू हा शोध त्यांना आत्ता लागला होता. "आपण देऊ. जाहिरात लिहा."

मी लिहिली. 'सुभेदारांनी तासभर चालवली, मगच तुमच्या विहिरीवर आली.' प्रत्येक मोटारीवर एक पितळी पट्टी लावायचं ठरलं. पट्टीवर आकडा आणि खाली सुभेदारांची सही कोरलेली. त्या कोरीव कामासाठी सहीचा नमुना लागणार होता. मी त्यांच्या जुन्या कार्डांवरून तो गिरवला. चार-पाच प्रयत्नांत अशी बेमालूम जमली की मी स्वतःच खूश झालो.

सुभेदारांना आधी त्यात काही वावगं दिसलं नाही. पट्टी लावलेली मोटार त्यांनी तपासलेली असे. पण मागणी वाढली. ते दिवसाला आठ मोटारी तपासत. कारखान्यातून वीस बाहेर पडायला लागल्या. पट्ट्या वीसही मोटारींना लागत होत्या. हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पलूसजवळच्या एका बागायतदाराकडे ते काही कामानं गेले होते. मी बरोबर होतो. उसात विहीर, विहिरीवर आमची मोटार. सुभेदारांनी पट्टीवरचा नंबर पाहिला आणि खिशातून वही काढली. तपासलेल्या प्रत्येक मोटारीचा नंबर त्या वहीत असे. हा नव्हता.

त्यांनी मोटार चालू करायला लावली. पाणी धो धो आलं. तासभर ते तिथंच बांधावर बसले, मग अंगावर तळहात ठेवला. मोटार उत्तम होती. पुरेपूर पाच.

"आवं सुभेदार, झकास चालतीया!" बागायतदार म्हणाला. "तुमची सई हाय म्हनून तर घेतली."

सुभेदारांनी पेचकस काढला आणि पट्टीचे स्क्रू काढायला लागले.

"आवं, आवं, काय करतायसा?" बागायतदार धावला. "सई काडू नका! पानी कमी यील!"

तो खरंच घाबरला होता. सुभेदार थांबले आणि त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावर हसू येतंय की काय असं मला वाटलं, पण ते आलं नाही. त्यांनी पट्टी काढून खिशात टाकली. त्या माणसाची समजूत घालायला मला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी मालकांच्या टेबलावर ठेवली.

"मोटर चांगली निघाली ना?" मालक म्हणाले. "मग खोटं काय झालं?"

"मोटार खरी हाय. सई खोटी हाय."

"अहो, लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, आम्ही तोच त्यांना देतोय. याच्याइतका मान कुणाला मिळतो?"

"मान न्हाई मालक. ह्ये त्ये दहा घोडंच हायत. आता त्येंच्या जागी मी हाय."

मी तिथंच उभा होतो. सही कुणी गिरवली, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. महिन्याच्या शेवटी ते गावी निघून गेले. कारखान्यानं पट्ट्यांवरची सही काढून 'परीक्षित' असा शब्द घातला. शब्द मीच सुचवला. खप थोडा कमी झाला, मग पूर्ववत झाला.

तीन वर्षांनी दहिवडीला कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. डोंगराच्या पायथ्याला दोन खणांचं घर, समोर शेळ्या. सुभेदार ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "या शायर." पण उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. पाणी घ्यायला तो बाहेर काढला तेव्हा दिसलं. हाताला कंप सुटला होता, भांडं वाजत होतं.

वहिनींनी चहा ठेवला आणि एक कागद आणून माझ्यापुढं धरला. "तुमी शिकल्याली मानसं, बगा जरा. पेन्शनीचा कागुद हाय. दोनदा माघारी आला. म्हनत्यात, सई जुळत न्हाई."

कागदावर त्यांची सही होती. म्हणजे त्यांनीच केलेली होती. पाण्यात पडलेल्या मुंगीनं पाय मारावेत तशी वेडीवाकडी. ती बघून मला राहवलं नाही.

"सुभेदार," मी म्हटलं, "त्या पट्टीवरची तुमची सही मी गिरवली होती."

"म्हाईत हाय."

"केव्हापासून?"

"पलूसला बगितली तवाच. तू र ची शेपटी लांब काडलीस. माजी आखूड हाय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू कवा बोलतुयास त्ये बगत हुतो."

वहिनींना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्या व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, "मंग बरं झालं की. तुमाला ह्येंची सई येती न्हवं? तुमीच करा. कागुद तरी फुडं जाईल."

पेन माझ्या हातात होतं. मला ती सही अजूनही येत होती, डोळे मिटून आली असती. आणि ती जुळलीही असती.

सुभेदारांनी कागद माझ्या हातातून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि आपली सही खोडली. "शाईची डबी आन गं," ते म्हणाले. डबी आली. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी शाईत बुडवला. उजव्या हातानं डावं मनगट धरायला गेले, ते जमेना. मी धरलं. अंगठा कागदावर नीट उमटला.

त्यांनी अंगठा धोतराच्या सोग्याला पुसला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. अंगठ्याच्या खाली साक्षीदाराची जागा कोरी होती.

"मी अंगठा लावल्याला तू डोळ्यानं बगितलास?"

"बघितला."

"मंग कर सई," ते म्हणाले. "तुजी."